बंदूक कोणाच्या खांद्यावर?

काशीत मराठ्यांनी बांधलेले घाट मोजायला बसलं तर एका हाताची बोटं पुरत नाहीत. त्यांतला भोसले घाट नागपूरकरांचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला, वर लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि नदीकडे तोंड करून किल्ल्याच्या तटासारखी उभी असलेली दगडी इमारत. जवळच शिंद्यांचा घाट. १८०३ च्या सप्टेंबरात असईला शिंदे आणि भोसले मिळून हरले, नोव्हेंबरात आडगावला पुन्हा हरले. काशीत मात्र दोघांचा शेजार टिकला. नागपूरचं राज्य कसं गेलं हे शाळेत शिकवतात. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले, औरस वारस नव्हता, डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं आणि वाड्यातले हत्ती-घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले.

त्याच डिसेंबरात कलकत्त्याला एक पत्र गेलं. त्याची आठवण शाळेत कुणी काढत नाही. बंगाल सैन्याचा अ‍ॅडज्युटंट जनरल कर्नल टकर याने मिलिटरी बोर्डाला कळवलं होतं, की विलायतेहून आलेल्या नव्या काडतुसांना जे वंगण लावलेलं आहे त्याने देशी शिपायांच्या जातीधर्माला बाध येत नाही याची खात्री होईपर्यंत ती देशी पलटणींना देऊ नयेत. पत्र पोहोचलं. बोर्डाने ठेवून घेतलं. पुढे तीन वर्षं त्यावर काही घडलं नाही.

१८५७ वर मराठीत इतकं लिहिलं गेलं आहे की नवीन काही सांगण्याचा आव आणणं बरं नव्हे. मला त्या वर्षाकडे वेगळ्याच बाजूने पाहायचं आहे. एक मोठ्या व्यासाची बंदूक, तिच्यातला एक दोष, आणि ती वापरणाऱ्या माणसाची तक्रार घेताना मालकाने केलेला घोळ. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, याचं इतकं सविस्तर लेखी दफ्तर जगात दुसरं क्वचितच असेल. आणि त्या दफ्तरातून आपण शस्त्रांच्या बाबतीत अजून काही शिकलेलो नाही, असं माझं मत आहे.

आधी बंदुकीबद्दल. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल ०.५७७ इंच व्यासाची, म्हणजे साडेचौदा मिलिमीटरहून थोडी जास्त. आजच्या जवानाच्या हातातली रायफल ५.५६ किंवा ७.६२ मिलिमीटरची असते, यावरून त्या गोळीच्या आकाराची कल्पना यावी. आधीची ‘ब्राउन बेस’ याहूनही रुंद, पाऊण इंचाची. पण तिची नळी आतून गुळगुळीत आणि गोळी सैल बसणारी. शंभर पावलांपलीकडे नेम देवाच्या हवाली. एनफील्डच्या नळीत आतून तीन पीळदार खाचा होत्या. गोळी त्या खाचांत घट्ट बसून फिरत बाहेर पडे, आणि म्हणून कितीतरी लांबचा नेम धरता येई. पण घट्ट गोळी तोंडाकडून ठासायची तर तिला वंगण हवंच. चार-सहा बार झाले की दारूची काजळी साचून वंगणाशिवाय गोळी आत उतरत नसे. म्हणजे हे वंगण वरून लावलेली चैन नव्हती, बंदुकीच्या रचनेचाच भाग होता. काडतूस कागदी. त्याचं टोक दातांनी फोडायचं, दारू नळीत ओतायची, उरलेलं गोळीचं टोक उलटं करून ठासायचं. कवायतीचा हुकूमच तसा होता.

वंगणात मेण आणि चरबी. चरबी कुणाची? या प्रश्नावर आजही इतिहासकार वाद घालतात, आणि माझ्या दृष्टीने खरा दोष तिथेच आहे. कंत्राट देताना ‘चरबी’ एवढंच लिहिलं होतं. कोणत्या जनावराची, हे कुणी ठरवलं नव्हतं, कुणी तपासलं नव्हतं. शिपायांनी विचारलं तेव्हा सरकारपाशी उत्तर नव्हतं, कारण सरकारलाच ठाऊक नव्हतं. आपण विकतो त्या मालात काय आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याने ‘माल निर्दोष आहे’ म्हणायचं कशाच्या बळावर?

चाचणी झाली नव्हती असंही नाही. विलायतेहून आलेली काडतुसं कलकत्ता, कानपूर आणि रंगूनला शिपायांच्या कमरेच्या पिशव्यांत काही महिने ठेवून पाहिली गेली. हेतू एवढाच, की इथल्या उन्हात वंगण वितळतं का. शिपायांनी तक्रार केली नाही, असा अहवाल गेला. करतील कशी? पिशवीत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. उन्हाचा परिणाम पाहिला, माणसावरचा पाहिला नाही. शस्त्रांच्या चाचण्यांचा हा रोग तेव्हापासूनचा आहे.

१८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळ दमदमला गोष्ट बाहेर फुटली. तिथल्या नेमबाजीच्या केंद्रात शिपाई पुढे आले आणि त्यांनी आपली शंका नीट शब्दांत मांडली. एवढंच नव्हे, उपायही सुचवला: मेण आणि तेल वापरा. यापेक्षा समंजस तक्रार कुणी करील? केंद्रातल्या अधिकाऱ्यांनी ती वर कळवली. बराकपूरच्या जनरल हिअर्सीने शिपायांना बाजारातून आपलं वंगण आपण आणू द्यावं अशी शिफारस केली, आणि महिना संपायच्या आत सरकारने ती मान्यही केली. कागदावर पाहिलं तर कारभार चोख दिसतो.

मग बिघडलं कुठे? सरकारने वंगण बदललं, पण आधीच्या वंगणात काय होतं हे सांगितलं नाही. चूक झाली असं म्हटलं नाही. त्यामुळे संशय वंगणावरून उठून काडतुसाच्या कागदावर जाऊन बसला: हा नवा कागद इतका तुकतुकीत का? मार्चमध्ये दाताऐवजी हाताने काडतूस फाडायची परवानगी मिळाली, तोवर शिपायांचा कुठल्याच परवानगीवर विश्वास उरला नव्हता. तक्रारीचं निवारण झालं आणि तक्रारदार मात्र शत्रू झाला, ही किमया मुकाट्याने केलेल्या दुरुस्तीची. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी त्या वर्षी बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते. ‘माझा प्रवास’मध्ये त्यांनी महूच्या वाटेवर शिपायांकडून काडतुसांची हकीकत ऐकल्याचं लिहिलं आहे. दमदमची कुजबुज माळव्यापर्यंत आली होती. सरकारचा खुलासा त्या वाटेने आला नाही.

मीरतेला २४ एप्रिलला घोडदळाच्या नव्वद स्वारांना कवायतीला उभं केलं. त्यांच्या हातात दिलेली काडतुसं जुनीच, बिनवंगणाची होती, आणि हाताने फाडायची मुभाही होती. तरी पंच्याऐंशी जणांनी घेतली नाहीत. ९ मेला त्यांना पायांत बेड्या घालून तुरुंगात पाठवलं. १० मेला काय झालं ते सांगायला नको.

इथे कुणी आडवं येईल: सावरकरांनी १९०९ मध्येच दाखवून दिलं, की काडतुसं हे निमित्त होतं, कारण स्वधर्म आणि स्वराज्य हे होतं. मला ते बरंचसं मान्य आहे. नागपूर, झाशी, सातारा गिळणाऱ्या सत्तेविरुद्ध लोक चरबीशिवायही उठले असते. पण निमित्त कुठून मिळतं हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. ज्या सत्तेला आपल्या शिपायाचं ऐकून घ्यायची सवय असती तिला हे निमित्त मिळालंच नसतं. टकरचं पत्र वाचून १८५४ मध्येच गोष्ट मिटली असती.

४ जूनला आग काशीत आली. आदल्या दिवशी आझमगडची पलटण उठल्याची बातमी होती. कर्नल नीलच्या उपस्थितीत ३७ व्या देशी पलटणीला छावणीच्या मैदानावर हत्यारं ठेवायला सांगितलं. शिपाई ठेवूही लागले. तेवढ्यात गोरे सैनिक पुढे सरकताना दिसले, आता आपल्याला नि:शस्त्र करून मारणार अशी भीती पसरली आणि काहींनी परत बंदुका उचलल्या. तोफा सुरू झाल्या. गोंधळात मागची शीख पलटण आणि घोडेस्वारही सापडले, आणि तोफांची तोंडं त्यांच्याकडेही वळली. पुढचे कित्येक दिवस काशी आणि आसपासच्या खेड्यांत फाशीचे खांब उभे होते. भोसल्यांच्या घाटापासून ती छावणी काही फार लांब नव्हे. तोफांचा आवाज गंगेवर आला असणारच.

या हकिकतीचा जो शेवट कुणी सांगत नाही तो मला सगळ्यात बोलका वाटतो. बंड मोडलं. एनफील्डची ताकद फत्तेपूरच्या लढाईत सगळ्यांनी पाहिली होती. बंडवाले शिपाई बहुतेक जुन्या ब्राउन बेसनेच लढत होते. मग इंग्रजांनी देशी पलटणींसाठी १८५८ मध्ये खास नमुना काढला. दिसायला एनफील्डच, पण नळीतल्या खाचा खरवडून काढून आतून गुळगुळीत केलेली, ०.६५६ इंचाची. खाचा नाहीत म्हणजे घट्ट गोळी नाही, आणि नेमही नाही. तक्रार करणाऱ्याला मालकाने दिलेलं हे अखेरचं उत्तर: तुला चांगली वस्तूच देत नाही.

आता थोडं बाहेर पाहू. अमेरिकेत बंदूक ही खासगी मालाची वस्तू आहे, तिथे गिऱ्हाईक राजा असतो असं आपण ऐकतो. रेमिंग्टन कंपनीची ७०० नंबरची रायफल १९६२ पासून शिकाऱ्यांच्या आवडीची. तिच्या चापाच्या रचनेबद्दल तक्रार अशी, की सुरक्षेचा खटका ‘चालू’वरून ‘बंद’वर नेला की बोट चापावर नसतानाही बार उडतो. २००० मध्ये मोंटाना राज्यात एका आईच्या हातातली रायफल अशीच उडाली आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. खटल्यांतून जुने कागद बाहेर आले, तेव्हा दिसलं की चापाची रचना करणाऱ्या अभियंत्याने स्वतः १९४०च्या दशकातच धोका कळवला होता आणि दुरुस्तीही सुचवली होती. खर्च दर बंदुकीमागे साडेपाच सेंट. कंपनीने तो केला नाही, आणि वर्षानुवर्षं एकच पालुपद लावलं: बंदुकीत दोष नाही, वापरणाऱ्याची चूक. शेवटी २०१७ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीत सुमारे ७५ लाख बंदुकांचे चाप बदलून द्यायचं ठरलं, तेही दोष कबूल न करता.

तिथल्या कायद्यातली मेख अशी. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेसाठी १९७२ मध्ये जो सरकारी आयोग नेमला, त्याच्या अधिकारातून बंदुका मुद्दाम वगळल्या. खेळण्यातली बंदूक सदोष निघाली तर तो आयोग बाजारातून परत मागवू शकतो, खरी असेल तर नाही. मोठ्या व्यासाच्या बंदुकीत तर दोषाला क्षमा नसते. २०२१ मध्ये तिथेच एक अर्ध्या इंचाची रायफल फुटली, मागचं झाकण उडून तुकडे मालकाच्या मानेत आणि फुप्फुसात घुसले. तो वाचला. निर्मात्याने बोट काडतुसातल्या अतिदाबाकडे दाखवलं. खरंही असेल; पण निवाडा कोण करणार? युरोपात बंदुकीची नळी जादा दाबाने तपासून शिक्का मारणारी स्वतंत्र घरं शतकानुशतकं आहेत: लीजला १६७२ पासून, बर्मिंगहॅमला १८१३ पासून. तिथे निदान शिक्का मारणारा आणि विकणारा एक नसतो.

आपल्याकडे? पुण्यात पाषाणला संरक्षण संशोधनाची जी शस्त्रास्त्र प्रयोगशाळा आहे, तिथे इन्सास रायफल घडली. व्यास लहान, ५.५६ मिलिमीटर, तक्रारी मात्र मोठ्या. कारगिलच्या थंडीत मॅगझिन तडकणं, अडकणं, तोंडावर तेल उडणं, तीन गोळ्यांच्या बाराऐवजी सगळीच सर सुटणं. हे जवानांनी सांगितलं. आपण ही रायफल नेपाळलाही मोठ्या सवलतीत दिली. २००५ च्या ऑगस्टमध्ये कालिकोट जिल्ह्यात पिली इथे माओवाद्यांशी झालेल्या चकमकीत नेपाळचे ४३ सैनिक पडले, आणि नेपाळी लष्कराच्या प्रवक्त्याने जाहीरपणे सांगितलं, की बंदुका ऐन वेळी चालल्या नाहीत. आपल्या बाजूने उत्तर काय गेलं? बंदूक नीट हाताळली गेली नसावी. रेमिंग्टनचं आणि आपलं उत्तर एकच निघावं याचं वाईट वाटतं. कदाचित नेपाळी सैनिकांनी खरंच देखभाल केली नसेल. पण ४३ प्रेतांसमोर विक्रेत्याने पहिला शब्द हा उच्चारायचा नसतो.

आता भोसल्यांच्या जुन्या मुलखात येऊ. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर आग लागली. दोन अधिकाऱ्यांसह किमान सोळा जण गेले, बहुतेक आग विझवायला धावलेले. चौकशीचा रोख रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणाऱ्या स्फोटकाकडे गेला. सुरुंग पाझरतात ही तक्रार त्याआधी कित्येक वर्षांपासून कागदोपत्री फिरत होती. टकरच्या पत्राची गत. तिथेच २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, आणखी सहा गेले. २०२० मध्ये लष्कराच्या एका अंतर्गत अहवालाचे आकडे वर्तमानपत्रांत आले: २०१४ पासून सदोष दारूगोळ्याचे ४०३ अपघात, २७ मृत्यू. आयुध निर्माणी मंडळाने तो हिशेब नाकारला. यातले थोडेच अपघात आपल्या माथी येतात, असं त्यांचं म्हणणं. मंडळाचं मुख्यालय कलकत्त्यातच होतं, हा निव्वळ योगायोग. १ ऑक्टोबर २०२१ ला ते मोडून सात सरकारी कंपन्या केल्या. त्यांतली दारूगोळ्याची पुण्यात, यंत्रभागांची नागपुरात.

कंपन्या झाल्याने जबाबदारी येईल, असं सांगितलं गेलं. मला खात्री नाही. कारण दोष पाटीत नव्हताच. गुणवत्ता तपासणारं महासंचालनालय संरक्षण उत्पादन विभागाखाली आहे, आणि माल बनवणाऱ्या कंपन्याही त्याच विभागाच्या. म्हणजे हलवाई आणि अन्न निरीक्षक एकाच चुलीवर जेवतात. निरीक्षक कितीही प्रामाणिक असो, त्याच्या शिक्क्यावर जवानाने विश्वास का ठेवावा?

जवान गिऱ्हाईक नाही, हे सगळ्याचं मूळ. माल सरकार मागवतं, सरकार बनवतं, सरकार तपासतं, पैसे सरकार सरकारला देतं. आणि चाप ओढतो तिसराच. त्याच्या नावावर पावती नाही. त्याला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. तक्रार केली तर ती सुभेदार, कंपनी कमांडर, पलटण, ब्रिगेड अशी चढत जाते आणि प्रत्येक पायरीवर थोडी मवाळ होते. शेवटी दिल्लीला जो कागद पोहोचतो त्यात ‘काही अडचणी’ एवढेच दोन शब्द असतात. खासगी परवानाधारकाची गत याहून बरी आहे असं नाही. उत्तर प्रदेशात २०१६ अखेर पावणेतेरा लाखांहून अधिक शस्त्रपरवाने होते, देशातल्या एकूण परवान्यांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. त्यांतले कितीतरी काशीच्या आसपासचे असणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबद्दल नुकसानभरपाईची तरतूद आहे खरी. पण बंदूक हातात फुटली म्हणून तक्रार करायला जाणारा माणूस आधी विचार करतो, की पोलीस पहिल्यांदा माझा परवाना आणि माझी काडतुसं तपासतील. तो घरी बसतो.

संरक्षणाच्या बाबी उघड करता येत नाहीत, हे उत्तर मला ठाऊक आहे. गोळी किती लांब जाते हे गुपित असेल; ती उलट्या बाजूने येते हे गुपित का असावं? शत्रूला ते कळण्याआधी आपल्या जवानाला कळलेलं असतं. विमान पडलं तर आपल्याकडे चौकशी विमान कंपनी करत नाही. त्यासाठी वेगळी यंत्रणा आहे, आणि तिचे अहवाल छापले जातात, दोष कंपनीचा असो की वैमानिकाचा. तसंच शस्त्रांसाठी हवं. उत्पादन विभागाबाहेरची एक यंत्रणा, जिच्याकडे शिपाई किंवा परवानाधारक थेट तक्रार करू शकेल, जिला सदोष खेप परत मागवायचा हुकूम देता येईल, आणि जी अपघाताचं कारण निदान संसदेसमोर ठेवील. हे झालं तरी सगळे दोष संपणार नाहीत. पण दमदमच्या शिपायांनी विचारलेल्या प्रश्नाला, आत काय आहे या साध्या प्रश्नाला, पहिल्याच दिवशी उत्तर देणारा कुणीतरी असेल.

महाराष्ट्रात खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा, चांदा अशा आयुध निर्माणींची रांग आहे. भंडाऱ्याच्या निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार गेले, म्हणजे धोका शिपायापर्यंत पोहोचायच्या आधीच घरात येतो. या सगळ्या गावांना खासदार आहेत, आणि निवडणुकीत ते ‘मेक इन इंडिया’च्या गोष्टी सांगतात. वाचकांपैकी कुणी त्यांच्या मतदारसंघात असेल तर त्याने एकच प्रश्न लेखी विचारावा: पलटणीतून एखाद्या खेपेबद्दल तक्रार आल्यापासून ती खेप परत मागवेपर्यंत गेल्या दहा वर्षांत सरासरी किती दिवस लागले? उत्तर आलं तर छापायला द्यावं. नाही आलं, तर तेही.